फोटोतलं कोपर

दर वर्षी शाळूची कणसं निसवायच्या सुमाराला विभागातून फोन येतो. "सर, कार्यक्रम ठरलाय. गाडी पाठवतो." गाडीची काही गरज नसते. मी विद्यापीठाच्या फाटकासमोरच्याच गल्लीत राहतो. चालत निघालो तर कपातला चहा निवायच्या आत सभागृहात पोहोचेन. तरी गाडी येते, कारण पाहुण्यांना गाडी पाठवायची पद्धत आहे. आणि मी गाडीत बसतो, कारण ती दारात येऊन उभी राहिल्यावर तिच्या शेजारून चालत जाणं बरं दिसत नाही.

माझी बायको या विद्यापीठात वनस्पतींचे रोग शिकवायची. ज्वारीच्या कणसावर पडणारी बुरशी हा तिचा विषय. कणीस पक्व व्हायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली की दाणे काळे पडतात. ते का आणि कसे, यात तिची सगळी नोकरी गेली. मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. आम्ही तिच्या क्वार्टरमध्ये राहायचो, म्हणून आवारात मला सगळे 'मॅडमचे मिस्टर' म्हणायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट त्या नावाखाली निवांत पुस्तक वाचत बसता यायचं, कुणी काही विचारायचं नाही. 'सर' मी ती गेल्यावर झालो.

ती नोकरीत असतानाच गेली. आजार लांबला नाही. तिसऱ्या दिवशी विभागानं शोकसभा ठेवली आणि बॅनरसाठी फोटो हवा म्हणून फोन आला. घरात पाहुणे होते, माझं डोकं जागेवर नव्हतं. मी म्हणालो, तुमच्याकडे असेल तो घ्या. तिचे फोटो फार नव्हतेच. कॅमेरा दिसला की ती कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहायची. ओळखपत्रावरच्या फोटोत ती कुणाला तरी रागावल्यासारखी दिसायची. तेव्हा विभागातल्या कुणीतरी शोधून एक हसरा फोटो काढला, मोठा केला आणि लावला.

सभागृहात शिरलो तेव्हा समोर ती होती. हिरवी नऊवारी, कपाळावर आडवं मोठं कुंकू, नाकात नथ, हातात ज्वारीचं भरलेलं कणीस, आणि मान जरा उजवीकडे वळवून मनापासून हसत असलेली.

तो फोटो नाटकातला होता. खूप वर्षांपूर्वी स्टाफच्या स्नेहसंमेलनात एक विनोदी नाटुकलं बसवलं होतं. त्यात एक शेतकरी बाई पाटलाच्या दारात भांडायला येते. ते काम करणाऱ्या बाईंना त्याच दिवशी ताप भरला, आणि ब्लाउज हिला बसतो एवढ्याच कारणासाठी हिला उभं केलं. एकच वाक्य होतं: "पाटील, माझ्या कणसाला हात लावाल तर बघा." मराठीचा मास्तर म्हणून मला प्रॉम्प्टिंगला विंगेत बसवलेलं. ती आली, पाटलासमोर उभी राहिली आणि वाक्य विसरली. मी कुजबुजलो. तिला ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्यानं सांगितलं, ते पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं, तिला नाही. मग मी वैतागून जवळजवळ ओरडलोच. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. फोटोवाल्यानं नेमका तेव्हा फोटो काढला. पाटील तिच्या डाव्या हाताला होता. मोठा करताना त्याला कापलं, पण सगळा कापता आला नाही. फोटोच्या कडेला काळ्या कोटातलं एक कोपर राहिलं.

शोकसभेत पहिले बोलायला उठले ते दुसऱ्या विभागातले एक वडीलधारे प्राध्यापक. त्यांचा तिच्याशी फारसा संबंध आला नव्हता. त्यांनी फोटोकडे हात केला आणि म्हणाले, "ही माउली अशी, या वेशात शेतात उतरायची. मातीतून आलेली, मातीशी इमान राखलेली ही लेक." त्यांचा आवाज भरून आला. बायका डोळे पुसायला लागल्या. नंतरचे वक्ते तोच धागा धरून बोलले.

ती पूर्णेची. वडील रेल्वेत गार्ड. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, इंजिनांच्या शिट्ट्यांत वाढलेली. शेती तिनं पहिल्यांदा बघितली ती पदवीच्या पहिल्या वर्षाला. मातीतला असलो तर मी. वालूरला आमचं आजही वावर आहे. ती शेतात जायची ती फिक्या रंगाचा सुती कुडता, कॅनव्हासचे बूट आणि छत्री घेऊन. पण हे सगळं शोकसभेत कसं सांगणार? पहिल्या रांगेत बसलेल्या, गुडघ्यावर फुलांचं ताट ठेवलेल्या माणसानं उठून 'एक दुरुस्ती आहे' म्हणायची रीत नाही. मी ताट धरून बसलो.

पुढच्या वर्षी स्मृतिदिन ठेवला. आधी फक्त व्याख्यान होतं. नंतर पोस्टर प्रदर्शन आलं, मग रक्तदान शिबिर, मग रांगोळी, मग संध्याकाळचे सांस्कृतिक कार्यक्रम. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मुलींनी नऊवारी नेसून यायचं ठरवलं. आता तर स्वागताला दोन्ही बाजूंनी हिरव्या नऊवारीतल्या मुली थर्माकोलची कणसं घेऊन उभ्या असतात आणि मी त्यांच्या मधून चालत जातो. व्यासपीठावर उजवीकडची खुर्ची माझी. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शाली मी घरकामाला येणाऱ्या मावशींना देत होतो. एकदा त्या म्हणाल्या, "बस झाल्या आता काका. आमच्या शेळीच्या अंगावर पन शालच हाय."

एकदा धीर करून मी विभागप्रमुखांकडे गेलो. ते तिच्या हाताखाली शिकलेले, स्वभावानं मऊ, मोठ्या पोटाचे गृहस्थ. मी म्हणालो, "तुम्हाला सांगायचं होतं, तो फोटो नाटकातला आहे."

"म्हणजे काय सर," ते म्हणाले, "मीच तर पाटील होतो."

मी त्यांच्या कोपराकडे बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी टेबलावरचा हात खाली घेतला.

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कधी बोलणार? त्या दिवशी तुम्हीच गप्प होतात. तुम्ही गप्प म्हणल्यावर आम्ही कोण?" त्यांनी चहा मागवला. "आणि आता चांगलं चालू आहे सर. नाहीतर कुणाच्या नावानं दुसऱ्या वर्षी कार्यक्रम होतो? आमच्या आधीच्या विभागप्रमुखांचं नाव आज एका पोराला विचारा, सांगेल का? मॅडमचं नाव शिपायालासुद्धा माहीत आहे."

मी चहा पिऊन परत आलो. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. लोक तिला मानत होते, जपत होते, तिच्या नावानं रक्त देत होते. ज्याच्यावर चिडावं असा एकही माणूस तिथं नव्हता. वाईट माणसांच्या तावडीत सापडलो असतो तर निदान भांडता आलं असतं.

मला भीती वेगळीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मला ती आठवेनाशी झाली होती. म्हणजे आठवायची, पण हिरव्या नऊवारीत. एका सकाळी फ्रिज उघडला आणि तिचा जुना स्टीलचा डबा दिसला. त्यात ती प्रयोगशाळेतले दाणे आणून ठेवायची आणि झाकणावर चिकटपट्टी लावून लिहायची, 'हात लावायचा नाही.' एकदा मी शेंगदाणे समजून उघडला होता, आणि तिनं मला नव्हे, दाण्यांना काही झालं का ते आधी बघितलं होतं. तो प्रसंग मी डोळ्यांसमोर आणायला लागलो. स्वयंपाकघर आलं, डबा आला, तिचा आवाज आला, आणि वळून बघते तर नाकात नथ. मी फ्रिजचं दार लावलं. माझ्याजवळ तिचं म्हणून जे होतं ते एवढंच, आणि तेही दर वर्षी थोडं थोडं व्यासपीठावर जात होतं.

यंदा मुलांनी तिच्या आयुष्यावर नाटक बसवलं. कार्यक्रमाच्या आधल्या आठवड्यात दुपारी दाराची कडी वाजली. एक मुलगी उभी होती, सडपातळ, पाठीला बॅग.

"सर, आत येऊ का? मी मॅडम आहे." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे नाटकातली."

ती पेडगावची. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. घरची शेती. मी पाणी दिलं. तिनं पेला खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "मॅडम चालायच्या कशा ओ सर? दिग्दर्शक म्हणतोय पदर खोचून तरातरा चाल. मला ते लय खोटं वाटायलंय."

"भरभर चालायची," मी म्हणालो. "पण मान खाली. आणि हातात छत्री."

"छत्री? पावसाळ्यात?"

"उन्हाळ्यात, हिवाळ्यात, कधीही. उन्हानं डोकं चढायचं तिचं."

"वावरात छत्री घेऊन?" ती खळखळून हसली. "आमच्याकडं असं कुणी आलं ना सर, तर लोक म्हणतील मोजणीवाले आले."

मीही हसलो. कितीतरी दिवसांनी तिच्याबद्दल बोलताना मी हसत होतो. मुलीनं पुढं विचारलं, मी सांगत गेलो. आवाज कसा होता. रागावली की काय म्हणायची. सूक्ष्मदर्शकातून बघताना एक डोळा मिटायची नाही, दोन्ही उघडे ठेवायची आणि विद्यार्थ्यांना तसंच करायला लावायची. मग म्हणालो, "आणि ती नऊवारी नेसायची नाही. शेतात तर कधीच नाही."

मुलीनं विचारलं, "मग तो फोटो?"

मी सांगणारच होतो. पण ती आपल्याच नादात बोलायला लागली.

"सर, मी बारावीला होते तवा आप्पांसंगं इथं प्रदर्शनाला आले होते. आप्पांना बियाणं बघायचं होतं. तिथं तो फोटो लावलेला. आप्पा किती येळ त्याच्याकडं बघत उभे होते. मला म्हणले, ही बाई आपल्या आक्कासारखीच दिसायलीय, आन् डाक्टर हाय म्हणं. नसता माझं बारावीनंतर लग्नच लावायलते ते. पाहुणे येऊन गेलते. घरी गेल्यावर आईला म्हणले, पोरीला शिकू दे." तिनं बॅगेचा बंद ओढला. "यंदा नाटक बघायला येणारेत ते. आई, आक्का, सगळे. पेडगावहून जीप करून."

मी दाराबाहेर बघत राहिलो. शेजारच्यांनी गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलत होते.

"फोटो तिचाच आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"तेच म्हणलं," ती म्हणाली आणि सुटल्यासारखी हसली. "पण छत्रीचं दिग्दर्शकाला सांगते हां."

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी आली. दीपप्रज्वलन झालं, फोटोला हार घातला. सकाळचं व्याख्यान बाहेरगावच्या एका शास्त्रज्ञाचं होतं, बुरशीच्या विषाबद्दल, कोरडं, आकडेवारीनं भरलेलं. मागची मुलं मोबाइल बघत होती. सबंध दिवसात तिला आवडलं असतं असं तेवढंच. दुपारी जेवणाच्या मांडवात सूत्रसंचालक माइकवरून सांगत होता, "आजचा बेत मॅडमच्या आवडीचा! ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा!" हा तरुण सहायक प्राध्यापक. आवाज असा की आवारातला एकही समारंभ त्याच्याशिवाय होत नाही. माझ्या ताटात त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी भाकरी वाढली.

नाटक चार वाजता सुरू झालं. छत्री नव्हती. दिग्दर्शकाला पटली नसावी. पेडगावची मुलगी हिरव्या नऊवारीत आली, बांधावर बसली, फडक्यातली भाकरी सोडली, ती कपाळाला लावली आणि म्हणाली, "ही भाकरी हाच माझा देव." तिनं काम खरोखर चांगलं केलं. दुसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीतला एक माणूस खुर्चीच्या अगदी कडेवर बसून बघत होता. तेच आप्पा असणार, कारण मुलगी रंगमंचावर आली की तो आधी आजूबाजूच्यांकडे बघायचा.

नाटक संपलं, शाल झाली, श्रीफळ झालं. "सरांनी दोन शब्द बोलावेत." दर वर्षी मी 'सर्वांचा आभारी आहे' म्हणून बसतो. या वेळी माइक हातात घेतला आणि समोर बघितलं. फोटोचं सांगायचं नाही हे माझं ठरलेलं होतं. टोपीतला तो माणूस समोर होता. पण निदान एक तरी खरी गोष्ट, जिनं कुणाचं काही मोडणार नाही, इतकी लहान, तिची म्हणून या सभागृहात सांगावी असं मला फार वाटलं.

"नाटक छान झालं," मी म्हणालो. "मुलीनं उत्तम काम केलं. एक गोष्ट सांगतो. माझ्या बायकोला ज्वारीची भाकरी पचत नव्हती. पोटात दुखायचं. ती कधी खायची नाही. पोळी खायची, भात खायची. घरात भाकरी व्हायची ती माझ्यापुरती."

विभागप्रमुख बुटांकडे बघायला लागले. मग मागून कुणीतरी हसलं, त्याच्या पाठोपाठ आणखी काही जण हसले. ते हसणं वाईट नव्हतं, आणि क्षणभर मला वाटलं, आली. ती या सभागृहात आली.

तेवढ्यात सूत्रसंचालकानं माइक घेतला होता. त्याला तर काही सुचत नाही असं होतच नाही.

"मित्रांनो, ऐकलंत?" त्याचा आवाज खाली गेला आणि हळूहळू चढत गेला. "जिच्या स्वतःच्या ताटात कधी भाकरी नव्हती, तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटातल्या भाकरीची काळजी वाहिली! याहून मोठा त्याग कोणता?"

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. आप्पाही उभे राहिले आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवायला लागले. मी खुर्चीत बसलो. वाक्य चांगलं जमलं होतं, आणि मास्तर म्हणून मला त्यात खोट काढता येईना. तिच्या ताटात भाकरी नव्हती हे खरं. ती बुरशीवर काम करत होती हेही खरं. पुढच्या वर्षी हे पत्रिकेवर छापून येईल हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. खरं सांगून बाहेर पडता येईल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ते दार बाहेर उघडतच नव्हतं. जे सांगीन ते आतच येत होतं, आणि त्याला हार घातला जात होता.

कार्यक्रम आटोपल्यावर मी गाडीची वाट बघत पायऱ्यांशी उभा होतो. मुलगी आप्पांना घेऊन आली. ते वाकून पाया पडायला लागले, मी त्यांना धरलं. माझ्यापेक्षा थोडेच लहान असतील.

"लय मोठी बाई होती साहेब," ते म्हणाले. "माझी पोर तिच्यावानी झाली पाहिजे."

"होईल," मी म्हणालो.

ते जीप बघायला गेले. मुलगी थांबली. अजून नऊवारीतच होती, हातात चहाचा कागदी कप, ओठांवरची लाली अर्धी कपाला लागलेली.

"खरंच भाकरी खात नव्हत्या, सर?"

"नाही."

"मला आधी सांगितलं असतं तर मी तो देवाचा डायलॉग बोललेच नसते. कसंतरीच वाटलं मला." तिनं चहाचा घोट घेतला. "अजून एक सांगा ना काहीतरी. असंच. कुणाला माहीत नसलेलं."

ती विचारत असतानाच मला एक गोष्ट आठवली. क्वार्टरमधली, एका साध्या दुपारची. कितीतरी दिवसांत आठवली नव्हती. तीत ती होती, रोजच्या, धुऊन धुऊन विटलेल्या कुडत्यात, नाकात काही नाही, आणि मी होतो, आणि तिसरं कुणी नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. मी तोंड उघडलं.

"पुढच्या वर्षी नाटकात घालू की आपण," मुलगी म्हणाली. "मी स्वतः बघते. छत्रीसारखं नाही होऊ देणार."

तिच्या डोळ्यांत इतकी आस्था होती की मला तिच्याकडे बघवेना.

"आठवत नाही गं," मी म्हणालो.

"काहीच?"

"काहीच नाही."

ती कळवळली. "होतंय सर असं. आमच्या आबांना पण लय विसर पडायलाय आता. तुमी टेन्शन घेऊ नका." तिनं माझ्या हातातला नारळ आणि शाल घेतली, गाडीचं दार उघडून दिलं आणि मी नीट बसेपर्यंत, म्हाताऱ्या माणसाला धरतात तसं, कोपराला धरून राहिली.

गाडी फाटकाबाहेर पडली. ड्रायव्हरनं विचारलं, कार्यक्रम कसा झाला? मी म्हणालो, चांगला झाला. आणि गल्लीत शिरेपर्यंत ती दुपार पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. ती मी इथंही लिहिणार नाही.